दंडावरचा ठिपका

१४ डिसेंबर

प्रिय इवाओ,

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. दर वर्षी आमचं पत्र तुला पहिल्या बर्फाच्या आत मिळतं, आणि यंदा इथे कुंपण कधीच बुडालं. तू वाट पाहिली असशील. की नसशील, हे मला कळायला मार्ग नाही, कारण तुझंही कार्ड आलेलं नाही. पोस्टमनची गाडी चढावर आली की चाकांच्या साखळ्या वाजतात. त्या वाजल्या की मी दाराशी जाऊन उभा राहतो. रोज काहीतरी देतो तो. विजेचं बिल, नगरपालिकेचं माहितीपत्रक, कुणाच्या तरी दुकानाची जाहिरात. काल मी त्याला विचारलं, उत्तरेकडची टपाल गाडी बंद आहे का? तो म्हणाला, "नाही हो आजोबा, नीट चालू आहे." मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

तब्येत कशी आहे? गुडघा? खोकला कोरडा आहे की ओला? मी ठीक आहे, म्हणजे नेहमी असतो तितका. अंघोळ करून मोजे घातले की दम खायला बसावं लागतं. यंदा छपरावरचं बर्फ वाडीतली तरणी माणसं काढून देतात, मी खालून नुसता "सांभाळून, सांभाळून" म्हणत असतो. ती म्हणतात, तुम्ही आत बसा, तुमच्या ओरडण्यानंच पाय घसरतो.

अक्षर बघून तुझ्या सूनबाई म्हणतील, हे कुणी लिहिलं? मी लिहिलं. मला अवघड अक्षरं येत नाहीत, सोपीच येतात, ती मोठी मोठी काढतो, म्हणून पाकीट जाड झालं आहे. तिकीट एक जास्तीचं लावतो, उगाच परत यायला नको. फुमीला यंदा लिहायला जमलं नाही. सूनबाई, तुम्हाला नमस्कार. सावकाश वाचा आणि मोठ्यानं वाचा. तो "ऐकू आलं, ऐकू आलं" म्हणतो तेव्हा त्याला ऐकू आलेलं नसतं. कानाला ड्रिल मशीन लावून उभी हयात गेली त्याची.

मधेच उठून स्टोव्ह बघून आलो. मला वाटलं चालू राहिला. चालूच होता, चालूच असायला हवा होता, मी त्याच्याच शेजारी बसून लिहितो आहे. हल्ली असं होतं.

इवाओ, तुझं कार्ड दर वर्षी कसं येतं ते तुला सांगायला नको, पण सांगतो. तुला लिहिता येत नाही, म्हणून एक हात काढलेला असतो, खांद्यापासून बोटांपर्यंत. बोटं कधी चार, कधी सहा. आणि दंडावर काळा ठिपका. म्हणजे टोचून घेतलं. फुमी ते कार्ड कॅलेंडरशेजारी टाचून ठेवायची आणि म्हणायची, "चला, इवाओसानचा हिवाळा झाला." बोगदे खणणाऱ्या आपल्या टोळीतल्या योगोरोच्या अंत्यविधीला आपण दोघं मागच्या रांगेत बसलो होतो, तेव्हा तूच म्हणालास की आता आपण दोघंच उरलो, आता दर हिवाळ्याआधी सुई टोचून घ्यायची आणि एकमेकांना कळवायचं. बोगद्याचं छत अंगावर आलं त्यातून सगळे वाचले, सुरुंग उडाला त्यातून वाचले, आणि गेले कशानं तर थंडीतल्या तापानं. आमची डॉक्टरीणबाई म्हणते, इतरांना फ्लू झाला तर ते आठवडाभर झोपतात. तुमच्या फुप्फुसात दगडाची भुकटी आहे, तुम्हाला झाला तर तुम्ही हिवाळा पार करणार नाही. चांगली मुलगी आहे, पण फार स्पष्ट बोलते.

तर मी टोचून घेतलं. हे आधीच लिहायला हवं होतं. पण ते कसं घेतलं हे तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आमच्याकडे डॉक्टर शहरातून हिवाळ्यात एकदाच वर येते. ज्यांच्याकडे गाडी नाही आणि छातीत किंवा हृदयात काहीतरी बिघाड आहे अशा म्हाताऱ्यांसाठी. बसते वाडीच्या सभागृहात, आणि सभागृह देवळाच्या आवारात. तू आला होतास तेव्हा आपण तिथेच साके प्यायलो होतो आणि बाहेर येताना तू त्या लाल कमानीच्या खांबाला मिठी मारून "मुकादम, मला सोडू नका" म्हणून रडला होतास. तीच कमान. सभागृहात जायचं तर तिच्याखालूनच जावं लागतं. आणि आमच्या घराला सध्या ती कमान बंद आहे.

मी तरी गेलो. मिहोको रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, "बाबा, इंजेक्शन झालं का?" लेकीला किती दिवस "उद्या" म्हणायचं? गेलो आणि कमानीच्या अलीकडे उभा राहिलो. का उभा राहिलो ते माहीत नाही. घरी तरी काय करणार होतो? लोक येत होते, वाकून नमस्कार करत होते, खालून आत जात होते आणि थोड्या वेळानं दंडावर कापूस धरून बाहेर येत होते.

शेजारची किने बाहेर आली. फुमीची मैत्रीण, तुला आठवत असेल, तुला जिनं त्या रात्री चपलेनं मारायची धमकी दिली होती ती. आता कंबरेतून वाकली आहे, पण जीभ सरळ आहे.

"काय भाऊजी, कमानीला टेकू देताय? पडत नाही ती तुमच्यावाचून."

"मी इथेच बरा आहे."

"बरे आहात ते दिसतंय. ओठ बघा, वांग्यासारखे झालेत. चला आत."

"मला जायचं नाही. तुला माहितीये."

"सुतक, सुतक काय घेऊन बसलात! देवाला काय तुमच्या दंडाची पडलीय?"

"मला देवाची पडलीय."

"अगोबाई! जन्मभर नाही पडली ती!"

खरं आहे, जन्मभर नाही पडली. उत्सवाला मी पालखीखाली खांदा द्यायचो तो साकेसाठी. पण माझी आई गेली तेव्हा फुमीनं पन्नास दिवस त्या कमानीखाली पाऊल टाकलं नव्हतं. सभागृहात बायकांची बैठक असली की ही खाली रस्त्यावर उभी राहायची आणि आतल्या बायका तिला ओरडून सांगायच्या, काय ठरलं ते. मी हसायचो. ती म्हणायची, "माणूस गेलं की काहीतरी अडायला हवं. काहीच अडलं नाही तर गेलेल्याला काय वाटेल?" ती सासूसाठी अडली. मग मीही अडलोच पाहिजे.

हे मी किनेला सांगितलं नाही. तिला म्हटलं, "पुढच्या वर्षी घेईन."

"पुढचं वर्ष कुणी बघितलंय? फुमी असती तर कान धरून नेलं असतं."

 दंडावरचा कापूस तिनं काढला, बघितला आणि परत लावला.

तेवढ्यात पुजारी आला. होसोया. म्हाताऱ्या पुजाऱ्याचा मुलगा, सकाळी नगरपालिकेचं बर्फ काढायचं यंत्र चालवतो आणि दुपारी पूजा करतो. अंगावर अजून नारिंगी जाकीट होतं. किनेनं त्याला सगळं सांगितलं, माझ्यासमोरच, जसा काही मी तिथला खांब आहे. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"डॉक्टरांना बाहेर बोलावलं तर?"

"विचारलं मी. ती म्हणते, टोचल्यावर आत बसायला लागतं, चक्कर आली तर झोपवायला जागा लागते. रस्त्यावर सुई मारायला हे काय बैल आहेत?"

"हं." होसोया कमानीकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "काका, माझे वडील काय सांगायचे माहितीये? नियम कमानीचा आहे. खालून जायचं नाही. जो बाजूनं जातो त्याच्याकडे देव बघत नाही."

"बाजूला मांडीएवढं बर्फ आहे," मी म्हणालो.

"ते माझ्यावर सोडा. रोजचंच काम आहे."

यंत्र त्या झाडांमधून जाणार नव्हतं. त्यानं सभागृहाच्या पडवीतून बर्फ तुडवायच्या वेताच्या चकत्या आणल्या, बुटांना बांधल्या आणि कमानीच्या डाव्या अंगानं, देवदारांच्या मधून बर्फ तुडवायला लागला. एक पाय, मग दुसरा पाय त्याला चिकटून, जसे आपले वडील शाळेच्या वाटा तुडवायचे तसं. किने त्याच्या मागे लागली. "रुंद तुडवा हो पुजारीबुवा, माणूस जायचाय, मांजर नाही." मग आतून टोचून झालेले दोघं-तिघं आले, एका बाहीत हात आणि दुसरी बाही लोंबती, तेही तुडवायला लागले.  बुटांखाली बर्फ दाबल्याचा कच्च कच्च आवाज तेवढा. मी रस्त्यावर उभा राहून बघत होतो. माझ्यासाठी चाललं आहे हे मला कळत होतं. पण दुसऱ्याच कुणासाठी चाललं असावं तसं मी बघत होतो. इवाओ, हल्ली मला सगळंच असं काचेपलीकडून दिसतं. तोंडात भात घालतो, तो गरम आहे हे कळतं. एवढंच.

त्या वाटेनं वर गेलो. चढ फारसा नाही, पण दोनदा झाडाला धरून उभा राहिलो. किने मागून म्हणाली, "घाई नाही, डॉक्टरीण काही सुई घेऊन पळत नाही." कमान माझ्या उजव्या हाताला होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. देवानं माझ्याकडे बघायचं नाही, मग मीही त्याच्याकडे बघू नये, असं वाटलं.

आत डॉक्टरीणबाईनं छातीला नळी लावली, खोकायला लावलं, कपाळाला आठ्या घातल्या. मग बाही वर करताना हसून म्हणाली, "दर वर्षी तुमच्याबरोबर आजी असतात ना? मुळ्याच्या गोष्टी सांगणाऱ्या? त्यांना नाही टोचायचं?"

 किटलीचं झाकण तेवढं वाजत होतं. डॉक्टरीण शहरातली, तिला कुणी सांगितलं नसणार.

मी म्हणालो, "ती घरी आहे."

हे खोटं नाही, इवाओ. ती घरीच आहे. आमचं स्मशान डोंगराच्या कुशीला, तिथे आता दगडांची टोकंसुद्धा दिसत नाहीत. बर्फ वितळेपर्यंत थडगं उघडता येत नाही. त्यामुळे अस्थींचा डबा पांढऱ्या कापडात बांधून देव्हाऱ्यासमोर ठेवला आहे. सकाळचा पहिला भात तिला देतो. मग तोच भात थंड झाला की मी खातो, टाकून द्यायचं तिला कधी आवडलं नाही.

आता लिहिलं. सूनबाई, इथे जरा थांबा आणि त्याला परत वाचून दाखवा.

ऑक्टोबर संपत आला होता. मुळे काढून झाले होते. लोणच्याआधी त्यांना धुरी द्यायची म्हणून ते टांगायला ती धुराच्या खोपटात गेली होती. मला तिथे जायला बंदी, धुरानं माझा दम कोंडतो, म्हणून मी ओट्यावर बसून सुतळ्या कापून देत होतो. ती आतून बडबडत होती. किनेनं यंदा मुळे फार लवकर काढले, असं काहीतरी. मग बडबड थांबली. खोपटातून धूर येत होता, ती येत नव्हती. मी हाक मारली. मला वाटलं, रागावली. किनेला बोलावलं, तिनं ओढून बाहेर आणलं. डोक्यातली शीर फुटली म्हणाले. धूर नाही, थंडी नाही, ताप नाही. ज्या कशाला मी घाबरत होतो त्यातलं काहीच नाही. दर वर्षी तीही माझ्याबरोबर टोचून घ्यायची, उगाच माझ्यापर्यंत ताप घरात यायला नको म्हणून. मला काही होऊ नये याचाच सगळा बंदोबस्त होता आमच्या घरात. तिच्यासाठी काहीच नव्हता.

मी रडलो नाही. मिहोको म्हणाली, "बाबा फार धीराचे." वाडीतलेही तेच म्हणाले. मी काय धीराचा? तुला माहीत आहे मी कसला माणूस आहे. सुई दिसली की माझे पाय थरथरतात. मुकादम हसून म्हणायचा, हा सुरुंगाशेजारी डबा खातो आणि सुईला भितो. म्हणून तर फुमी शेजारी बसून मुळ्याचं पुराण लावायची, मी तिच्याकडे बघावं म्हणून.

त्या दिवशी तिच्या खुर्चीत किने बसली.  ती इतकंच म्हणाली, "भाऊजी, मुळे मी उतरवलेत. मिठातही घातले." मी सरळ सुईकडे बघत होतो. सुई आत गेली, बाहेर आली. मला काही कळलंच नाही. डॉक्टरीण म्हणाली, "वा, किती शूर!"

खाली येताना मी त्याच वाटेनं आलो. नंतर बर्फ पडलं आणि ती वाट बुजली.

आता एक सांगतो, ते कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोर भात ठेवायला हात वर केला आणि दंड दुखला. चांगला दुखला. गाठ आली होती, गरम होती. ती गेल्यापासून मला दुखलेलं ते पहिलं. मी दंड दाबून बघितला. परत दाबला. मग तिथेच बसलो, दाबत राहिलो, बराच वेळ. दोन-तीन दिवसांत ते दुखणं उतरलं. पुरायला हवं होतं अजून थोडं.

उशीर का झाला ते आता तुला कळलं असेल. फुमीचं अक्षर आपल्या सगळ्या टोळीला पाठ. कँपवर तिचं पत्र आलं की मुकादम मोठ्यानं वाचायचा आणि ज्यांना घरून पत्र यायचं नाही तेही ऐकायला बसायचे. तुलाही कुणाचं येत नव्हतं, तू पुढे बसायचास. हे वेडंवाकडं अक्षर पाकिटावर बघितलंस की तुला आतलं ऐकायची गरज उरणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून पाकीट लिहीत नव्हतो.

आणि तुझं कार्ड का येत नाही?

सूनबाईंचा फोन नंबर भिंतीवर फुमीनं लिहून ठेवलेला आहे, मोठ्या आकड्यांत. मी फोन करत नाही. फोनवर लगेच कळतं. पत्राला निदान जायला वेळ लागतो, यायला वेळ लागतो, तेवढे दिवस तुझं काही ठरलेलं नसतं. मला हसू नकोस. तुमच्याकडे समुद्रावरून वारा येतो, दवाखाना लांब आहे, तू हट्टी आहेस, मागच्या वर्षी घसा दुखतो म्हणून टोचून घ्यायला उशीर केला होतास. हे सगळं मी रोज उगाळतो. रात्रीचं जेवण झालं की तेच घेऊन बसतो.

फुमीचे मुळे नवीन वर्षापर्यंत मुरतील. धूर तिचा, मीठ किनेचं, चव कशी लागेल माहीत नाही. तुझा वाटा बाजूला काढला आहे. दर वर्षीसारखा वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवीन. पण आधी तुझं कळू दे. घेणारा नसेल तर हे मुळे कुणाला पाठवायचे? तिच्या हातचे परत होणार नाहीत.

खाली नाव लिहायला आलो तर सवयीनं दोन नावांची जागा सोडून लिहायला घेतलं. राहू दे तसंच.

इवाओ, शब्द नकोत. हात काढ, बोटं कितीही असू देत, आणि ठिपका दे. अजून टोचलं नसेल तर आधी जाऊन टोचून घे. नसलंच घेतलं तर मी रागावणार नाही, ठिपका नसला तरी चालेल. नुसता हात पाठव. आणि सूनबाई, हे वाचताना समोर ऐकायला कुणी नसेल, तर तुम्ही तरी एक ओळ लिहा. साखळ्या वाजल्या की मी दाराशी असतो. लवकर पाठवा.

तुझा

तोकुजी